दंडावरच्या पट्ट्यापायी

माझ्याकडे अजून ॲपलचा आयपॉड नॅनो आहे, गाणी ऐकायचं चिमुकलं यंत्र. सातव्या पिढीचा, वजन अवघं ३१ ग्रॅम. कंपनीने २०१७ मध्ये नॅनो बंद केला, पण माझा ठणठणीत चालतो. तळजाईच्या टेकडीवर पळायला जाताना फोन घरी ठेवून मी तोच नेतो. फोन खिशात असला की पावलागणिक मांडीवर आपटतो. पण नॅनोचा दंडावर बांधायचा पट्टा घामाने कुजून फाटला. दुकानांत मिळतात ते पट्टे मोठ्या फोनच्या मापाचे. त्यात नॅनो म्हणजे पोत्यात लिंबू.

अशात फेसबुकवर जाहिरात दिसली. हवं ते माप, घामाने खराब न होणारं कापड, १,९९९ चा पट्टा ३९९ ला, आणि खाली उलटी धावणारी वेळ: सवलत संपायला नऊ मिनिटं. (पुढे पान परत उघडून पाहिलं, तर पुन्हा नऊच मिनिटं!) वस्तू हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती. यूपीआयने भरताना समोर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. तिथेच थांबायला हवं होतं. ३९९ रुपयांत काय होतंय, म्हणून पिन टाकला.

अकरा दिवसांनी पाकीट आलं. आत गुडघ्याला घालायचा पट्टा. तोही एकाच पायाचा.

संकेतस्थळावर ना पत्ता, ना फोन नंबर. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क द्यावाच लागतो, हे मला नंतर कळलं. त्यांचा ईमेल पत्ता तेवढा होता, आणि त्यावर पाठवलेलं पत्र तसंच परत आलं. ३९९ रुपयांवर पाणी सोडलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. पण मी इरेला पेटलो. दुकानाचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ असं गूगलवर टाकलं आणि वर आलेला पहिलाच नंबर फिरवला.

समोरचा इतकं गोड बोलला की माझा राग निम्मा तिथेच उतरला. ‘सर, चूक आमचीच आहे. रिफंड लगेच करतो.’ व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, ती फोनमध्ये घ्यायची. मग कार्डाचा नंबर, मग ‘खातं तपासायला’ पाच रुपये. त्या फाइलमुळे माझ्या फोनचा सगळा पडदा त्याला दिसत होता, ओटीपीसकट. एक ओटीपी तर त्याने विचारला आणि मीच वाचून दाखवला. फोन चालू असतानाच दोन मेसेज आले: ९,९०० आणि ८,७००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

बायकोने फोन हातातून ओढून बंद केला आणि तिच्या फोनवरून आधी बँकेत कार्ड बंद करायला लावलं, मग सायबर फसवणूक कळवायचा सरकारी नंबर, १९३०, लावला. हा नंबर सगळ्यांनी पाठ करून ठेवा. तिथे लगेच कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येतं. माझे दुसऱ्या वेळचे ८,७०० तिथे अडकले, पहिले पुढे निघून गेले होते. बँकेतल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक समजावलं: ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याला झळ लागत नाही, पण ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मला वाद घालायला जागाच नव्हती. पट्ट्याची तक्रार ग्राहकांच्या सरकारी मदतवाहिनीवर, १९१५ वर, नोंदवली आहे. त्यातून काही निघेल असं वाटत नाही, कारण विकणारा कोण हेच कुणाला सांगता येत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय. तुमचे ९,९०० मिळालेत, सोडवायला दोन हजार फी भरा.’ आकडा अगदी बरोबर होता. मी क्षणभर खुर्चीत सरसावून बसलोही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘कोण आहे हो?’

मी फोन ठेवला, आणि तो नंबरही तक्रारीला जोडून दिला.