मालवणात मुक्काम कुठे करावा: बंदराजवळ, चिवल्याला की देवबागला?

मालवणला खोली शोधताना बहुतेक जण समुद्र किती जवळ आहे ते आधी बघतात. खरं तर आधी जेवणाचं ठरवावं. बाजारपेठेत राहिलात तर खानावळी हाकेच्या अंतरावर असतात. मासळी बघून, भूक लागेल तेव्हा जेवता येतं. देवबागला राहिलात तर घरमालकीण रांधेल ते, तिच्या वेळेला, आणि तेही आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. दोन्ही प्रकारचं जेवण उत्तम असतं. पण रोज दोन्ही हवं म्हणून देवबाग ते बाजारपेठ अशा बारा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या मारण्यात सहलीचा निम्मा दिवस जातो.

बंदर, बाजारपेठ, भरड

सिंधुदुर्ग किल्ला नीट बघायचा असेल तर गावातच, म्हणजे बंदर, बाजारपेठ किंवा भरड या भागांत राहा. किल्ल्याच्या होड्या बंदर जेटीवरून सुटतात, त्याही माणसं भरली की. किल्ल्यावर साधारण तासभर देतात आणि त्याच होडीने परत आणतात. हा तास पुरत नाही. तटाचा घेरच सुमारे तीन किलोमीटर आहे. शिवाय शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे, आणि भर समुद्रात गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी. १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला धावतपळत उरकू नये. म्हणून होडीत बसण्यापूर्वीच "नंतरच्या होडीने परत आलो तर चालेल का?" असं विचारून घ्या.

सकाळची पहिली होडी सगळ्यांत सोयीची. ऊन कमी असतं आणि पाणी शांत असतं. दुपारी वारा वाढला की होडी हलते, वयस्कर माणसांना चढणं-उतरणं अवघड होतं. तारकर्लीहून निघून बंदराजवळ गाडी लावायला जागा शोधेपर्यंत ही वेळ निघून जाते.

मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने येणारे सकाळी कुडाळला उतरतात. तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. खोली दुपारी मिळणार असली तरी गावातल्या लॉजवर सामान टाकून थेट जेटी गाठता येते.

गैरसोयीही आहेत. दाराशी पोहण्यासारखी पुळण (वाळूचा किनारा) नाही, गल्ल्या अरुंद आहेत आणि सकाळी लवकर वर्दळ सुरू होते. गाडी असेल तर "पार्किंग आहे का" एवढंच विचारून भागत नाही. गाडी लॉजच्या आवारात राहते की रस्त्यावर, ते विचारा.

चिवला

बाजारापासून दीडेक किलोमीटर, म्हणजे चालत वीसेक मिनिटं. लहान मुलं सोबत असतील आणि गावातल्या खानावळीही सोडायच्या नसतील, तर आमची पसंती चिवल्याला. किनारा शांत आहे, आणि पावसाळा संपल्यावर सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसू शकते. रॉक गार्डनही जवळच. खोल्या मात्र कमी आहेत. डिसेंबरात इथे जलतरण स्पर्धा होतात, त्या दिवसांत जागा मिळणं कठीण.

तारकर्ली आणि देवबाग

जाहिरातीत ही दोन नावं बेधडक अदलाबदल करून वापरली जातात, कधी जवळच्या वायरी गावातली खोलीही "तारकर्ली" म्हणून खपवतात. त्यामुळे वाडीचं नाव आणि मालवण एसटी स्टँडपासूनचं अंतर विचारा. तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर, देवबागचं टोक बाराच्या आसपास.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. तिथे खोली कोणत्या अंगाला आहे याने फार फरक पडतो. समुद्राकडे वारा असतो, लाटांचा आवाज रात्रभर येतो. खाडीकडे पाणी संथ, संगमाकडे जाणाऱ्या होड्या जवळ, पण तिन्हीसांजेला डास येतात. खिडक्यांना जाळी आहे का ते विचारा. संगमाजवळ पोहू नका. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर ओढतं आणि वरून ते कळत नाही.

देवबागहून मालवणात जायला रस्ता एकच, तोही अरुंद. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात तो तुंबतो. रात्री मालवणात जेवून परतायचं तर रिक्षाचं जाण्या-येण्याचं भाडं आधी ठरवा, आणि शेवटची एसटी कितीला आहे ते स्टँडवरच विचारा.

जेवण: खानावळ की घरगुती?

खानावळीत ताटाला मासळीचं नाव असतं: सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. सोबत कढी, भात, भाकरी किंवा चपाती, एखादं सुकं आणि सोलकढी. दर ठरतो तो तळलेल्या मासळीवर. पापलेटचा दर आकारावर असेल तर मासा आधी बघून घ्या, आणि सुरमईच्या ताटात तुकड्या किती तेही विचारा. बिलावरून होणारे बहुतेक वाद इथेच होतात. बांगड्याला कमी लेखू नका. मालवणी स्वयंपाकाची खरी चव तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिकल्यात (तिखट, दाट कालवणात) आहे, आणि ते सुरमईच्या ताटापेक्षा स्वस्तही पडतं.

घरगुती निवास-न्याहारीत निवड कमी, पण हात सैल. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सकाळी घावणे किंवा आंबोळ्या हे इथेच मनासारखं मिळतं. अट एकच: रात्रीच उद्याचं सांगायचं. वड्यांचं पीठ काही तास भिजवून ठेवावं लागतं आणि गावठी कोंबडी शिजायलाही वेळ घेते. दुपारी बाराला "कोंबडी-वडे करा" म्हटलं तर ब्रॉयलर आणि घाईचे, न फुगलेले वडे ताटात येतात. त्यात स्वयंपाकीणबाईंचा दोष नसतो. काही घरांत तुम्ही बाजारातून आणलेली मासळीही करून देतात. साफ करण्याचे आणि रांधण्याचे पैसे वेगळे असतात, ते आधी ठरवा.

शाकाहारी मंडळींना घरगुती जेवण जास्त सोयीचं. खानावळीत तवा आणि तेल बहुधा मासळीचंच असतं; घरी आधी सांगितलं तर वेगळं करता येतं.

तीन रात्री असतील तर

पहिली रात्र गावात, पुढच्या दोन देवबागला. पहिल्या दिवशी किल्ला, संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि खानावळीतलं जेवण. मग सामान एकदाच हलवायचं. स्कूबा करायचं असेल तर सकाळची वेळ घ्या आणि आधी भरपेट न्याहारी करू नका, होडी हलली की त्रास होतो.

कधी जाऊ नये

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताटातली मोठी मासळी बर्फातली असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत गेलातच तर पापलेटचा हट्ट सोडा. खाडीची मासळी, सुका बांगडा, जवळा मागा.

दुसरी अडचण मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी देवीला कौल लावून ठरते, पंचांगात सापडत नाही. जत्रा बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येते आणि मुंबईचे चाकरमानी लोटतात, तेव्हा मालवणच नव्हे, कुडाळ-कणकवलीच्या खोल्या आणि रेल्वेची तिकिटंही संपतात. जानेवारी ते मार्चमधलं आरक्षण करण्यापूर्वी घरमालकाला जत्रेची तारीख लागली का ते विचारा. लागली नसेल तर तिकीट आणि खोली दोन्ही रद्द करता येतील अशीच घ्या.