ओळीखाली ओळ असलेला नवा करार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नवा करार म्हणजे बायबलचा दुसरा भाग. जूनमध्ये मागवला, आता फेब्रुवारी. वरच्या ओळीत मूळ ग्रीक, प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली त्याचा इंग्रजी अर्थ, आणि समासात सलग भाषांतर, अशी रचना. मी ख्रिस्ती नाही. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. माझे एक सहकारी गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कबरीच्या दगडावर 'पुनरुत्थानाच्या आशेने विसावले' असं कोरलंय. वाचल्यावर माझ्या मनात सरळ पुनर्जन्म आला आणि मी तसं त्यांच्या मुलाजवळ बोलूनही गेलो. तो म्हणाला, "नाही सर, ते वेगळं." वेगळं म्हणजे काय, ते त्या दिवशी विचारवलं नाही. म्हणून हे पुस्तक.

आधी तक्रारी. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. ग्रीक स्वरांवरची चिन्हं मुंगीच्या पायाएवढी. साठीनंतर भिंगाशिवाय वाचायची सोय नाही. शेवटी जोडलेला शब्दकोश नावापुरता, एका शब्दाला एक अर्थ देऊन मोकळा. तिसऱ्या महिन्यात मी तो उघडणं सोडलं आणि इंटरनेटवर फुकट मिळणारा मोठा ग्रीक कोश वापरायला लागलो. खरी मजा तिथून सुरू झाली.

आपण ज्याला पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्याचं पुन्हा उठणं, म्हणतो त्याला ग्रीकमध्ये 'अनास्तासिस' म्हणतात. 'अना' म्हणजे वर, आणि पुढचा धातू आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. म्हणजे उद् अधिक स्था, उत्थान! अक्षरशः तेच. 'पुनर्' मात्र ग्रीकमध्ये नाही, तो आपल्याकडे जोडला गेला, आणि माझ्यासारख्याची गाडी त्या 'पुनर्'वरूनच पुनर्जन्माच्या रुळावर जाते. दुसरा शब्द 'एगेइरो', जागं करणं, उठवणं. तो 'जागृ'च्या घरातला. हे कळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि घरात सांगायला जागं कुणी नव्हतं.

मार्कने लिहिलेल्या येशूचरित्राच्या पाचव्या अध्यायात हे दोन्ही शब्द लागोपाठच्या ओळींत येतात. बारा वर्षांची मुलगी गेलेली आहे, बाहेर रडारड चालू आहे. येशू तिचा हात धरून अरामीत म्हणतो, "तलिथा कूम." मार्क लगेच ग्रीकमध्ये अर्थ देतो, "मुली, ऊठ", तिथे एगेइरो. पुढच्या ओळीत मुलगी उभी राहते, तिथे अनास्तासिसचंच क्रियापद, आणि चालायला लागते. मग तो सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. सकाळी आई पोराला उठवते त्यापेक्षा वेगळा एक शब्द तिथे नाही. सलग भाषांतरात हे मला कधी दिसलं नसतं. शब्दाखाली शब्द असल्यामुळे दिसलं. नुसत्या या पानासाठीही पैसे वसूल.

मोठ्या कोशाने आणखी एक गोष्ट दाखवली. अनास्तासिस हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. ग्रीकांना तो चांगला ठाऊक होता, आणि मेलेल्यांबद्दल तो वापरला तर बहुधा असं काही होत नाही, हे सांगायलाच. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या शेवटच्या सर्गात हेक्टरचा बाप प्रियाम मुलाचं प्रेत मागायला येतो, तेव्हा हेक्टरला मारणारा अकिलीस त्याला म्हणतो की शोक करून तू त्याला उठवणार नाहीस, क्रियापद तेच. ग्रीक नाटककार इस्किलसच्या नाटकात खुद्द अपोलो देव सांगतो की माणसाचं रक्त एकदा धुळीने शोषलं की अनास्तासिस नाही. मेल्यावर काहीच उरत नाही, असं मात्र त्यांचं म्हणणं नव्हतं. हेडीसमध्ये, म्हणजे मृतांच्या लोकात, सावल्या होत्या. 'ओडिसी'त तोच अकिलीस तिथून म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा गरिबाच्या शेतावर मजुरी परवडली. प्लेटोच्या लेखी आत्मा देहातून सुटणं हीच सुटका. सुटलेल्याने परत देहात कशाला यायचं? रोमन थडग्यांवर तर एक वाक्य इतकं चालायचं की नुसती आद्याक्षरं कोरत: नव्हतो, होतो, नाही, पर्वा नाही.

धुळीत झोपलेले जागे होतील ही भाषा ज्यूंची, त्यांच्या शास्त्रातल्या दानिएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली. ज्यूंमध्येही सदूकी पंथ ती मानत नसे. येशूचा प्रचारक पौल ती घेऊन अथेन्सला गेला तेव्हा काहींना वाटलं, हा कुणी परके देव सांगतोय. जुन्या टीकाकारांनी याचा अर्थ असा लावला की लोकांनी येशू आणि अनास्तासिस अशी देवांची जोडीच समजली! अर्थ कळल्यावर काही हसले.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हा माझ्या आठ महिन्यांतला सर्वांत मोठा मुक्काम, आणि पुस्तक तिथेच कमी पडतं. पेरलं जातं ते 'सोमा प्स्यूखिकॉन', उठतं ते 'सोमा प्नेउमातिकॉन'. (सोमा म्हणजे शरीर; आपल्या सोमरसाशी संबंध नाही, मी तपासलं.) पहिल्याखाली इंग्रजीत 'नॅचरल' लिहून संपादक मोकळे. वाचणाऱ्याला वाटतं, आधीचं शरीर खरं आणि नंतरचं हवेतलं. पण प्स्यूखे म्हणजे प्राण, जीव, आणि प्नेउमा म्हणजे आत्मा. मराठी शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, इथे 'प्राणमय' आहे, आणि तो मला कितीतरी नेमका वाटतो. दोन्ही ठिकाणी शरीर आहेच. ते कशाच्या बळावर चालतं, एवढाच फरक. अर्थात पुढे पन्नासाव्या ओळीत पौलच म्हणतो की मांस आणि रक्त देवाच्या राज्याचे वारस होऊ शकत नाहीत, त्यामुळे अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत. तळटीप? एकही नाही.

विरोधकांच्या मनात मात्र गोंधळ नव्हता. इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियोंला ख्रिस्ती लोकांना ठार मारलं, प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली, म्हणजे यांना उठायची आशाही राहू नये. शरीर उठणार हे मारणाऱ्यांनीही शब्दशः ऐकलं होतं.

घ्यावं का? ग्रीक अक्षरं ओळखायला दोन आठवडे देणार असाल तर घ्या. संस्कृत थोडं येत असेल तर नक्कीच घ्या, पावलोपावली ओळखीचे चेहरे भेटतात. नुसती येशूची कथा वाचायची असेल तर मराठी शास्त्र पुरे, तेही निम्म्या किमतीत. पाचातले साडेतीन तारे. दीड तारा कागद, कोश आणि बांधणीचा कापला.

बांधणीचं सांगायचं राहिलं. डिसेंबरात नेमकी पंधराव्या अध्यायाशीच पाठ उकलली आणि पानं सुटी झाली. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. शेवटी गल्लीतल्या बाइंडरकडे दिलं. त्याने दोऱ्याने शिवून, कापडी पाठ लावून दीडशे रुपयांत परत केलं. आता ते त्या पानावर आपोआप उघडतं आणि सपाट राहतं. परवा त्या मुलाला घरी बोलावलं होतं. भिंग त्याच्या हातात दिलं आणि 'उत्थान'खाली बोट ठेवलं.