अल्ट्रासॉनिकच्या नावाखाली माझे ओरिजिनल कार्ब गायब, जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी वाचाच

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुम्हीच ठरवा. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे कार्ब, साफ करायला दिले त्यात १३,५०० रुपये गेले. त्या कामामुळं इंजिन जाम झालं, त्याचे १९,४०० गेले. आणि गाडीचे मूळचे जपानी मिकुनी कंपनीचे कार्ब गेले ते वेगळेच, त्यांचा आज काय भाव चाललाय ते आरडीवाल्यांना सांगायला नको. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, वकील नको म्हणलेत. पण पद्धत सगळी लिहितो, कारण हा गडी सातारा, कराड सगळीकडं फिरतोय असं आता कळलंय.

गाडी राजदूत ३५०, १९८४ची, हाय टॉर्क मॉडेल, आबांनी घेतलेली. एस्कॉर्ट्सनी फरीदाबादला यामाहाच्या आरडीवरून बनवलेली, म्हणून सगळे आरडीच म्हणतात. दोन सिलिंडर, दोन कार्ब. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आणि आताचं पेट्रोल तुम्हाला माहितीय, वीस टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, कार्बच्या खालच्या वाटीत, जिथं पेट्रोल साठतं, तसंच राहिलं की आत चिकट थर धरतो आणि पायलट जेटचं, म्हणजे रेझ न करता पेट्रोल सोडणाऱ्या पितळी नळीचं, भोक मुळातच सुईच्या टोकाएवढं, ते बुजतं. दिवाळीनंतर काढली तर आयडलला, म्हणजे रेझ न करता चालू ठेवली की, एकच बाजू मारायची, उजवा सायलेन्सर हात लावला तर गार. रेझ केली की दोन्ही पेटायच्या. म्हणजे पायलट सर्किट बंद आहे एवढं मलापण कळत होतं.

मग स्वतः का नाही केलं असं विचारणारे आता लई भेटतायत. अरे बाबांनो, मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, स्क्रूड्रायव्हर धरायला मला कुणी शिकवू नये. एक कार्ब उघडून धुणं वेगळं आणि आरडीची जोडी जुळवणं वेगळं. हिची थ्रॉटल केबल एक येते आणि तिचे तीन फाटे होतात, दोन कार्बला आणि तिसरा इंजिनात ऑइल सोडणाऱ्या ऑइल पंपाला. कार्ब हलवले की पंपाच्या पुलीवरची खूणपण परत जुळवावी लागते, नाहीतर ऑइल कमी जाऊन पिस्टन चिकटतो. म्हणून म्हणलं जाणकार माणसाला द्यावं, ह्यात काय चुकलं? आमच्या साताऱ्यात आबांच्या वेळेपासूनचे जे मिस्त्री होते त्यांनी हात थरथरायला लागल्यावर गॅरेज बंद केलं. आणि २०२०ला बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम, येऊन गाड्यांचे कार्ब गेल्यापासून नवीन पोरांना स्कॅनर लावता येतो, कार्बची हवा कमीजास्त करायचा एअर स्क्रू कुठल्या बाजूला असतो विचारलं तर एकमेकांकडं बघतात.

तर हा माणूस जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर सापडला. ‘विंटेज कार्ब स्पेशालिस्ट, घरी येऊन चेकिंग’. चमकणाऱ्या कार्बचे फोटो, खाली लोकांचे अंगठे. फोन केला तर बोलणं एकदम नम्र, प्रत्येक वाक्याला सर. गोडोलीत घरी आला, प्लग काढले, उजवा प्लग काळा ओला निघाला तो मला दाखवला, दोन किका मारल्या आणि चेकिंगचे ७०० घेतले. म्हणला सर ह्याला हातानं साफ करून उपयोग नाही, अल्ट्रासॉनिक मशीनला टाकावे लागतील, मशीन पुण्याला आहे, दोन्ही कार्ब घेऊन जातो. ॲडव्हान्स ३,५००. मी पावती मागितली होती, हे इथं लिहून ठेवतो, मागितली होती. तर म्हणला, “आपल्यात कशाला पावती सर, यूपीआय केलंय ना तुम्ही, तेच प्रूफ.” हे वाक्य कुणी तुमच्यासमोर बोललं तर तिथंच पाना खाली ठेवायला लावा.

नंतर फोन आला की निडल जेट आणि फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) सुई दोन्हीकडं झिजलीय, जपानवरून आलेलं किट आहे, एका कार्बला ३,४००, दोनचे ६,८००. व्हॉट्सअपवर झिजलेल्या सुईचा फोटो पाठवला. तो कुणाच्या गाडीचा होता देव जाणे. पैसे पाठवले.

आता ती संध्याकाळ. ही गोष्ट मी घरात कुणालाच नीट सांगितलेली नाही.

कार्ब घेऊन आला, पेपरात गुंडाळलेले. उघडले तर चकचकीत. आता आमच्या उजव्या कार्बच्या वाटीला खालच्या कोपऱ्यात एक पोचा होता. आबांनी एकदा गाडी उघडली तेव्हा ओट्यावरून खाली फरशीवर पडला होता, नखाएवढा पोचा आणि त्याच्या बाजूला एक आडवी चीर उमटलेली, लहानपणी मी तिथं बोट फिरवत बसायचो. त्या दिवशी मी उजवी वाटी हातात घेतली, अंगठा आपोआप त्या कोपऱ्यावर गेला आणि तिथं काहीच नाही. गुळगुळीत. मी विचारलं त्याला. “इथं पोचा होता ना?” तो न हसता न अडखळता म्हणला, “अल्ट्रासॉनिकमध्ये सगळं निघून जातं सर.”

आणि मी हूं म्हणलं!

अल्ट्रासॉनिकमध्ये घाण निघते. पोचा निघत नाही. ती मशीन म्हणजे पाण्यात लहरी सोडून भोकातला मळ हलवणारी टाकी, ती काय डेंटिंग-पेंटिंगवाला आहे का? हे मला तेव्हा माहिती नव्हतं असं नाही, आमच्या कंपनीत पार्ट धुवायला तसली टाकी आहे, रोज बघतो. पण तुम्ही तिथं असता तर तुम्हीपण हूं म्हणला असता. अंधार पडत आलेला, लाइट नेमकी गेलेली, मोबाईलच्या टॉर्चवर काम, घरात पाहुणे, मिसेस आतनं हाका मारतीय, आणि त्यानं बोलत बोलत कार्ब चढवलेपण. एका किकेत गाडी चालू. दोन्ही सायलेन्सर गरम, तो आरडीचा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय, शेजारची पोरं बाहेर आलेली. त्या आवाजात पोचा कुणाच्या डोक्यात राहतोय.

वर सिंकिंगचे, म्हणजे दोन्ही कार्ब एकसारखे उघडतील असे जुळवायचे, २,५०० घेतले. व्हॅक्यूम गेज लावून सिंक केलं म्हणे. माझ्या गाडीच्या इनटेकला गेज लावायला निपलच नाही हो! गेज त्याच्या बॅगेतनं बाहेर आला, बोनेटवर ठेवावा तसा सीटवर ठेवला, काटा हलला नाही, परत बॅगेत गेला. ह्या गाडीत सिंक म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूनं बोटं घालून थ्रॉटल हळू फिरवायचा आणि दोन्ही स्लाइड, म्हणजे कार्बमधल्या वर सरकणाऱ्या झडपा, एकाच क्षणी उचलतायत का ते बघायचं, मागंपुढं असलं तर कार्बच्या वरचा केबल ॲडजस्टर फिरवायचा. बस. एक रुपयाचं साधन लागत नाही. एअर स्क्रूपण तसंच, हलक्या हातानं पूर्ण आत बसवायचा, दाबायचा नाही, आणि साधारण दीड फेरे बाहेर, मग गाडी गरम झाल्यावर आवाज ऐकत पाव-पाव फेरा. हे करताना मेकॅनिक तुमच्याकडं बघत नसेल, इंजिनाकडं कान देत असेल, तर तो खरा. माझा गडी सगळा वेळ माझ्याशी बोलत होता.

पुढच्या रविवारी कराडकडं काढली. शेंद्र्याच्या पुढं थोडी मोकळी सोडली, नागठाण्याच्या अलीकडं डावीकडनं कर्र असा आवाज आला आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबला गेला म्हणून आज लिहितोय, कारण मागं उसाचा डबल ट्रॉली ट्रॅक्टर होता. टू-स्ट्रोकवाल्यांनी हायवेला एक बोट कायम क्लचवर ठेवा, हे मात्र आबांनी शिकवलेलं खरं ठरलं.

टेम्पोत घालून परत आणली. एमआयडीसीतल्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर कार्ब उघडले, जेट काढून स्टीलच्या ताटलीत मांडले आणि भिंग दिलं हातात. उजव्याला मेन जेट, म्हणजे जोरात चालवताना पेट्रोल देणारा, ११० नंबरचा, डाव्याला ९०. एकाच गाडीला! डाव्या बाजूला पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे लीन, म्हणजे पिस्टन तापून चिकटणार, त्यात ऑइल पंपाची केबल ढिली सोडलेली. डावा प्लग पांढराफट, उजवा तपकिरी. आणि एकाही जेटवर मिकुनीचा तो चौकोनी शिक्का नाही. खऱ्या जेटवर नंबरसोबत तो शिक्का असतो, बारीक असतो पण असतो. बॉडीचं ओतकामपण खरबरीत, कडेला कानशीसुद्धा फिरवलेली नाही. कॉपी माल, दोन्हीच्या दोन्ही. बोअरिंग, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, मजुरी धरून १९,४००, त्याचं बिल आहे, कारण तो माणूस मागायच्या आधी बिल देतो.

त्या स्पेशालिस्टला फोन लावला तर आधी म्हणला सर तुम्ही रनिंगमध्ये ठेवायला पाहिजे होती, मग म्हणला पेट्रोल खराब असेल, मग ब्लॉक.

आता पुढचं ऐका, हे जास्त डोक्यात जातं. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार चांगले वयस्कर, वाटलं ऐकतील. पहिला प्रश्न, गाडी चोरीला गेली का? नाही साहेब, गाडी घरी आहे. मग काय चोरीला गेलं? कार्बोरेटर. गाडीला कार्बोरेटर आहे का आत्ता? आहे, पण डुप्लिकेट. मग चोरी कसली, बदलून दिलाय ना त्यानं! बाजूचे दोघं हसले. मी कलमं बघून गेलो होतो, विश्वासानं दिलेली वस्तू परस्पर लाटली तर भारतीय न्याय संहितेचं ३१६, फसवणूक ३१८, जे आधी ४२० होतं. तर म्हणले कलमं आम्हाला शिकवू नका, हे दिवाणी मॅटर आहे, तुम्ही स्वतःच्या हातानं दिलंय, स्वतः पैसे पाठवलेत. अहो स्वतःच्या हातानं दिलं म्हणूनच तर विश्वासघात, हिसकावून नेलं असतं तर जबरी चोरी म्हणलो असतो! मग म्हणे मशीन पुण्याला ना, मग तिकडं जावा. हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते हे नवीन नागरिक सुरक्षा संहितेत १७३ला सरळ लिहिलंय, ते म्हणलं तर चहा घेता का विचारलं. शेवटी अर्जावर पोहोच घेतली, तीपण आवक शिक्का सापडत नाही म्हणून तासभर बसून.

बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलाय, ऑथराइज्ड व्यवहार आहे, आम्ही काही करू शकत नाही. इन्शुरन्सवाला म्हणला मेकॅनिकल बिघाड बसत नाही. ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला फी नाही हे खरंय, जावं माणसानं, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडं फक्त मोबाईल नंबर. तो नंबर कुणाच्या नावावर आहे हे सांगणार पोलीस, आणि पोलीस म्हणतात दिवाणी. फिरा गोल. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे तिथं तक्रार नोंदवून नंबर घेतलाय, निदान कागद तरी तयार होतोय. कार्ब देताना आधार कार्डाचा फोटो मागायला लाजू नका, तुम्ही काय त्याची सोयरीक करताय का.

आणि देताना कार्बवर स्वतःची खूण करा. वाटीच्या आत, फ्लोटच्या खाली, पंचनं एक टिंब. उघडून व्हिडिओ काढा, जेटचे नंबर दिसतील असा. त्यापेक्षा घराबाहेर जाऊच देऊ नका. पायलट जेट बुजला असला तर कार्ब क्लीनरचा कॅन आणि कॉम्प्रेसरची हवा एवढ्यावर बहुतेक वेळा निघतो, क्लीनर मारायच्या आधी रबरी पार्ट काढून ठेवायचे, तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला. उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका. आणि कुणीही काम करू दे, हायवेला काढायच्या आधी गावातच फिरवून प्लग काढून बघा, दोन्हीचा रंग सारखा पाहिजे, मी पाहुण्यांच्या गडबडीत नाही बघितला.

आता शेवटचं. भाच्यानं जुने पार्ट विकायच्या साइटवर एक जाहिरात दाखवली. ‘आरडी ३५० ओरिजिनल जपान कार्ब, जोडी, २४,०००’. तिसऱ्या फोटोत उजवी वाटी, खालच्या कोपऱ्यात पोचा, बाजूला आडवी चीर. स्क्रीनशॉट घेऊन परत ठाण्यात गेलो तर फोटो काय पुरावा नाही, असे पोचे कशालाही असतात. आता एसपी ऑफिसला लेखी अर्ज दिलाय, तोही १७३खालीच देता येतो, ठाण्यानं नोंद घेतली नाही तर. तिथनं काय आलं नाही तर कोर्टात जाणार, वकिलांनी सांगितलंय.

माझ्या नंबरला ब्लॉक आहे म्हणून भाच्याच्या फोनवरनं बघत असतो. परवा किंमत २४,०००ची २१,००० केलीय, खाली ‘अर्जंट सेल’. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर, कुणी ही जोडी घ्यायच्या विचारात असाल तर आधी उजव्या वाटीचा खालनं फोटो मागवा आणि मला पाठवा. आणि ह्याच माणसाला कुणी पैसे दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, दोघातिघांचा अर्ज एकत्र गेला तर दिवाणी दिवाणी म्हणायला जरा अवघड जाईल त्यांना.