राख तलावाचं पाणी: मर्यादा घालायची, की पाणी वापरणंच थांबवायचं?

कोळशावरच्या वीज केंद्राच्या राख तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर अटी घालायच्या तर मुख्यतः तीन रस्ते आहेत. एक, उपलब्ध तंत्रज्ञानाला जे जमतं त्यावरून मर्यादा ठरवायची. दोन, पाणी ज्या नदीत किंवा तळ्यात जाणार त्याला काय सोसवतं त्यावरून ठरवायची. तीन, राख वाहून न्यायला पाणी वापरणंच बंद करायचं. परवान्याच्या अटी लिहिणाऱ्याला, जनसुनावणीत बोलणाऱ्याला आणि सुधारणेसाठी पैसे मंजूर करणाऱ्याला कधी ना कधी यातून निवड करावी लागते. माझा कल तिसऱ्या रस्त्याकडे आहे. पण तो रस्ता सगळीकडे लगेच खुला नसतो, म्हणून बाकीचे दोनही नीट समजून घ्यायला हवेत.

आधी तलावात काय होतं ते पाहू. पाण्यात मिसळलेली राख एका टोकाला येऊन पडते. जाड कण तिथेच बसतात, बारीक कण पुढे सरकत खाली जातात आणि राखेतले पोकळ गोळे पृष्ठभागावर तरंगत राहतात. ते वाहून जाऊ नयेत म्हणून आउटलेटपाशी आडव्या फळ्या लावतात. फळ्यांखालून निघालेलं पाणी नितळ दिसतं. ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं तर उरलासुरला गाळही निघून जातो. पण सेलेनियम, आर्सेनिक आणि बोरॉन यांचा विरघळलेला भाग तसाच खाली उतरतो. तलाव हे काम करण्यासाठी बांधलेलाच नसतो. तो गाळ बसवतो, एवढंच.

आता मर्यादा बघा. अमेरिकेच्या 1982 च्या नियमांत राख वाहून नेणाऱ्या पाण्यासाठी पाण्यात न बसता मिसळून राहिलेल्या घन कणांची कमाल मर्यादा लिटरला 100 मिलीग्रॅम होती. भारतातही राख तलावाच्या पाण्यासाठी हाच आकडा आहे, सोबत सामू 6.5 ते 8.5 आणि तेल-ग्रीस 20 मिलीग्रॅम. दोन्हींत जड धातूंचा आकडा नाही. म्हणजे तलाव गाळ नीट बसवतो का, एवढंच या तपासणीतून कळतं.

ही उणीव किती महागात पडते ते नॉर्थ कॅरोलिनातल्या बेल्यूज तलावाने दाखवलं. तिथल्या वीज केंद्राच्या राख तलावाचं पाणी 1970 च्या दशकाच्या मध्यापासून त्यात पडत होतं. मोठ्या तलावात सेलेनियमचं प्रमाण लिटरला साधारण 10 मायक्रोग्रॅमच होतं. पण शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत आणि माद्यांतून अंड्यांत ते साचत गेलं. मोठे मासे वरून ठणठणीत दिसत, पिल्लं मात्र वाकड्या कण्याची निघत किंवा जगत नसत. काही वर्षांत तलावातल्या 20 पैकी बहुतेक जाती संपल्या. डासांच्या अळ्या खाणारा गंबुशिया मासा तेवढा तगून राहिला. 1980 च्या दशकाच्या मध्याला केंद्राने राख कोरडी हाताळायला घेतली आणि त्यानंतरच तलाव हळूहळू सावरू लागला.

पहिल्या रस्त्याची ताकद म्हणजे सरळपणा. सगळ्या केंद्रांना एकच नियम असतो. नदी मोठी आहे की लहान, यावर वाद घालता येत नाही आणि तपासणाऱ्याला फक्त आकडा ताडून पाहायचा असतो. दोष असा की तंत्रज्ञान पुढे जातं आणि नियम मागे राहतो. अमेरिकेत 1982 नंतर मोठी फेरतपासणी 2015 मध्ये झाली, आणि मधल्या काळात, 2008 मध्ये, टेनेसीतल्या किंग्स्टन वीज केंद्राच्या राख तलावाचा बंधारा फुटूनही गेला.

दुसरा रस्ता जागेची दखल घेतो. सेलेनियमसाठी अमेरिकेने 2016 मध्ये सुचवलेले निकष वाहत्या पाण्याला 3.1 आणि साचलेल्या पाण्याला 1.5 मायक्रोग्रॅम आहेत. या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्व माशांच्या अंडाशयातल्या प्रमाणाला दिलं आहे, कारण खरी इजा तिथे होते. हा विचार मला पटतो. पण तो राबवायला नदीचा उन्हाळ्यातला सर्वांत कमी प्रवाह आणि आधीपासूनचं प्रदूषण माहीत असावं लागतं, शिवाय मिश्रणाचं गणित मांडावं लागतं. प्रत्येक गृहीतकावर वाद होतो आणि तो मिटेपर्यंत पाणी वाहतच राहतं. लहान नदी किंवा बंदिस्त जलाशय असेल तर ही मेहनत टाळू नका. तंत्रज्ञानावरची मर्यादा तिथे अपुरी पडू शकते. अमेरिकी कायद्यातही हे दोन रस्ते एकमेकांना पर्याय नाहीत. तंत्रज्ञानावरची मर्यादा किमान म्हणून असतेच, आणि नदीला गरज असेल तिथे तिच्याहून कडक मर्यादा येते.

तिसऱ्या रस्त्यात उडती राख (धुरासोबत जाणारी बारीक राख) हवेच्या दाबाने पाइपातून सायलोत, म्हणजे उंच कोठारात जाते, तळराख (भट्टीच्या तळाशी पडणारी जाड राख) साखळीच्या कन्व्हेयरवर ओढून काढतात. राख वाहून नेणारं पाणीच उरत नाही, मग मोजायचं काय? अमेरिकेच्या 2015 च्या नियमाने दोन्ही राखांच्या वाहतूक पाण्याचा विसर्ग शून्य ठरवला. 2020 मध्ये तळराखेसाठी त्यात सूट आली: फिरवून वापरलेल्या पाण्यात क्षार साचतात, पाइपांना थर बसतो, म्हणून यंत्रणेतल्या पाण्याच्या 10 टक्क्यांपर्यंत पाणी बाहेर काढायची मुभा दिली. 2024 च्या नियमाने ती पुन्हा शून्यावर आणली. क्षारांची अडचण खरी आहे, पण ती पाणी फिरवून वापरणाऱ्या यंत्रणेची आहे. पूर्ण कोरड्या यंत्रणेत ती येत नाही. तिथे धूळ सांभाळावी लागते आणि कोरड्या राखेच्या ढिगातून पावसाळ्यात झिरपणारं पाणी गोळा करून शुद्ध करावं लागतं. खर्चही मोठा आहे.

त्यामुळे केंद्र अजून बरीच वर्षं चालणार असेल तर कोरड्या हाताळणीचाच आग्रह धरा. लवकरच बंद होणार असेल तर एवढी गुंतवणूक कोणी करणार नाही. तिथे निदान आर्सेनिक, पारा आणि सेलेनियमचे आकडे परवान्यात हवेत. नमुना राख तलावाच्या आउटलेटवर, शीतकरणाच्या पाण्यात मिसळण्याआधी घ्यायचा, अशी अटही लिहा. शीतकरणाचं पाणी कितीतरी पट जास्त असतं; त्यात मिसळल्यावर कोणताही आकडा पास होतो. म्हणूनच लिटरमागच्या प्रमाणासोबत दिवसाला किती किलो, ही मर्यादाही घाला.

तलाव बंद करताना वरचं पाणी उपसलं की राखेच्या कणांमधलं पाणी बाहेर येऊ लागतं. ते महिनोन्महिने राखेला चिकटून राहिलेलं असतं, त्यात विरघळलेले धातू जास्त असतात. उपसण्याच्या या शेवटच्या टप्प्यासाठी वेगळ्या मर्यादा आणि वेगळं शुद्धीकरण लागतं. तळाला अस्तर नसेल तर भूजलाच्या विहिरींची तपासणीही परवान्याचाच भाग करा. आणि तलावाखालून गेलेले जुने पाइप शोधून काढा. 2 फेब्रुवारी 2014 ला नॉर्थ कॅरोलिनात डॅन नदीकाठच्या राख तलावाखालचा पावसाच्या पाण्याचा पाइप फुटला आणि हजारो टन राख नदीत गेली. तिथले कोळशाचे संच 2012 मध्येच बंद झाले होते.