घरखर्चाची सरकारी आकडेवारी: संशोधनासाठी वापरताना

कुटुंब उपभोग खर्च पाहणीची २०२२-२३ची कुटुंबनिहाय आकडेवारी मी पदव्युत्तर वर्गाला शिकवण्यासाठी आणि स्वतःच्या एका शोधनिबंधासाठी वापरत आहे. नाव नोंदवले की ती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते आणि तीत देशभरातल्या २,६१,७४६ कुटुंबांचा खर्च, नावपत्ते वगळून, वस्तुवार हाती येतो. फुकट मिळते म्हणून तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, त्याचा आधारही घरखर्चाच्या याच सरकारी पाहणीच्या, म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, जुन्या फेऱ्याच होत्या.

तिचे खरे बळ बारकाव्यात आहे. घरी आणलेली चहापत्ती आणि बाहेर प्यालेला चहाचा कप यांच्या नोंदी वेगळ्या असल्यामुळे खाणे घराबाहेर कसे सरकते आहे, हे थेट मोजता येते. ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये असून त्यातला जेमतेम ४.९१ टक्के तृणधान्यांवर जातो, तर पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर ९.६२ टक्के. यावरून लोकांनी भाकरी सोडली, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. रेशनवर फुकट मिळालेल्या धान्याची किंमत या सरासरीत धरलेली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूंचे मोल धरून काढलेला ३,८६० रुपयांचा आकडा अहवालात स्वतंत्र दिला आहे आणि धोरणाचा परिणाम तपासणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावेत.

वापरायला ही आकडेवारी सोपी नाही. अन्न, नित्याच्या वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू यांची माहिती तीन वेगळ्या भेटींत घेतलेली असल्यामुळे कुटुंबाचा आकार प्रत्येक भेटीत नव्याने नोंदला जातो. एका भेटीत घरात पाच माणसे असतील आणि पुढच्या भेटीपर्यंत मुलगी सासरी गेली असेल, तर अन्नखर्चाला पाचाने आणि उरलेल्या खर्चाला चाराने भागावे लागते. मी सगळ्याला एकाच आकाराने भागले आणि माझी सरासरी छापील आकड्याशी का जुळत नाही, हे शोधण्यात आठवडा घालवला. (गुणक, म्हणजे नमुन्यातले एक कुटुंब प्रत्यक्षात किती कुटुंबांच्या जागी आहे तो आकडा, लावायला विसरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात; ती चूक निदान लगेच लक्षात येते.)

तुलनेच्या बाबतीत ही पाहणी निराश करते. २०१७-१८च्या पाहणीचे निकाल जाहीरच झाले नाहीत, त्यामुळे मागे वळून पाहिले की थेट २०११-१२ गाठावे लागते, आणि तेव्हा सगळी प्रश्नावली एकाच भेटीत भरून घेतली जात असे. खर्च किती वाढला आणि विचारण्याच्या पद्धतीमुळे किती वाढलेला दिसतो, हे वेगळे काढण्याची खात्रीची वाट मला तरी सापडलेली नाही. उत्पन्न यात विचारलेले नाही आणि दरवर्षी कुटुंबेही बदलतात. बचतीचा किंवा एकाच घराच्या बदलत्या सवयींचा अभ्यास करायचा असेल, तर दुसरे साधन शोधावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने २०२२-२३ला त्याच पद्धतीने झालेल्या २०२३-२४च्या पाहणीची जोड द्यावी. तिथे ग्रामीण सरासरी ४,१२२ रुपये आहे. अख्ख्या देशाच्या फायली एकदम उघडण्याऐवजी आधी एकच राज्य वेगळे काढावे. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, गोव्याचा ३०.