एकट्या पोराने उचललेली बॅटरी

मासळीबाजारात मला कोणी सहसा फसवू शकत नाही. पापलेटची गलफडं उघडून बघते, पोट दाबून बघते, काट्याच्या पारड्याला कोळणीचं बोट टेकलेलं नाही ना तेही बघते. आणि २०२५च्या मे महिन्यात याच मी अठरा हजार सहाशे रुपये मोजून एक वस्तू घरात घेतली, तिचं साधं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नाही. लाज वाटते म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं. पण आमच्यासारखी आणखी किती घरं असतील या विचाराने लिहितेय.

आम्ही कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरात राहतो. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पाण्याची आम्हाला सवय आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे फ्रिज आडवे होऊन तरंगत होते. सवय नाही ती अंधाराची. मुंबईकराच्या लेखी लोडशेडिंग म्हणजे गावाकडची गोष्ट. बाहेरचं जाळं कोसळलं तरी मुंबईची वीज वेगळी काढून चालू ठेवायची सोय पूर्वीपासून आहे. ती १२ ऑक्टोबर २०२०ला फसली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही दिवसभर एकमेकांना फोन करून 'तुमच्याकडेही गेलेत का?' एवढंच विचारत होतो.

म्हणूनच इन्व्हर्टर मुंबईच्या माणसाला कळत नाही. माझा दादा दापोली तालुक्यात राहतो. निसर्ग वादळानंतर त्यांच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्याच्या घरातलं शाळकरी पोरही बॅटरीत पाणी कधी घालायचं ते सांगेल. मला टॉप-अप म्हणजे मोबाइलचाच माहीत.

आमच्या घरी काळजीचं कारण वेगळं होतं. सासूबाईंची फुप्फुसं थकलीत. दुपारी आणि रात्री त्यांना ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, लागतो. मिनिटाला दोन लिटर. ते चालतं विजेवर.

त्या वर्षी मेच्या पहिल्याच आठवड्यात वादळी पाऊस झाला आणि येत्या रविवारी गच्चीवर सभा असल्याचा कागद जिन्यात लागला. 'वादळ-पूर्वतयारी अभियान.' सभा घ्यायला एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं एकदम गोड. नाव लिहीत नाही, कारण त्याने सांगितलेलं नाव खरं होतं असं आता मला वाटत नाही.

माणूस हुशार होता, हे कबूल करते. त्याने आधी विकायचं नावच काढलं नाही. आधी घाटकोपरच्या होर्डिंगचा व्हिडिओ दाखवला. १३ मे २०२४, धुळीचं वादळ, पेट्रोल पंपावर कोसळलेला सांगाडा, १७ माणसं गेली. आमच्यापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कोणी चकार शब्द काढेना. मग तौक्ते. १७ मे २०२१ला कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, तेही समुद्रातून नुसतं जवळून गेलेलं वादळ. अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापलाय, अशी वादळं पुढे वाढतील, असं तो म्हणाला. वस्तूपर्यंत येईस्तोवर त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मी त्यातलं काही खोडून काढू शकत नाही.

मग त्याने विचारलं, "कोणाच्या घरी पेशंट आहे का?"

पहिला हात माझा वर गेला. बाजारात आपली निकड दाखवायची नसते, हे चाळीस वर्षं मासे घेताना पाळलेली मी.

"काकू, तुमच्यासाठी तर हे औषधच समजा." पॅकेज असं : इन्व्हर्टर, १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) मोठी ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरसाठीच बनवलेली बॅटरी, ट्रॉली आणि एक आपत्ती-किट. किंमत ३१,०००. पण ज्येष्ठ नागरिक घरात असतील तर चाळीस टक्के अनुदान, म्हणजे १८,६००. अनुदान कुठलं? तर सौरऊर्जेची केंद्राची योजना आहे ना, त्यातच हे बसतं. नोंदणी मात्र आजच, आकडा भरला की पोर्टल बंद.

त्या योजनेचं मला आज जे माहीत आहे ते तेव्हा घरातल्या कोणीही पाच मिनिटांत शोधून काढलं असतं. पीएम सूर्यघर योजना २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ती छपरावरच्या सौर पॅनेलसाठी आहे. घरगुती ग्राहकाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, आणि तेही पॅनेल बसल्यानंतर थेट आपल्या बँक खात्यात. दुकानदार किंमत कमी करून 'हेच अनुदान' म्हणत नाही. आणि साध्या इन्व्हर्टर-बॅटरीचा त्यात काही संबंधच नाही.

पाच हजार यूपीआयने दिले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचं नव्हे, कोणा बाईचं नाव आलं. मी थबकले. "आमच्या अकाउंटच्या मॅडम," तो म्हणाला. मी पुढचं बटण दाबलं.

चार दिवसांनी माल आला. एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, अंगाने काडी. इन्व्हर्टर काखेत धरून वर आला, तो ठेवून खाली गेला आणि बॅटरी खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला. दारात टेकवली, पाणी मागितलं, एका घोटात प्यायला. मी कौतुकाने त्याला दोन लाडू दिले. "बाळा, एवढं जड एकट्याने?" तो हसला. उरलेले १३,६०० रोख घेतले आणि एक कागद दिला, त्यावर 'डिलिव्हरी चलन' लिहिलेलं. जीएसटी क्रमांक नाही, बॅटरीचा सिरीयल नंबर नाही. वॉरंटी कार्ड कोरं. 'शिक्का मारून पाठवतो.'

मग त्याने मेन स्विच पाडून दाखवला. दिवे लागले, पंखा फिरला, मशीन चाललं. दहा मिनिटं. पंखा जरा गुणगुणत होता. "नवीन आहे, बसेल," म्हणाला. त्यानंतर आमच्याकडे वीज गेलीच नाही म्हणा ना. मान्सून त्या वर्षी २६ मेलाच मुंबईत आला, एरवी ११ जून धरतात, पण आमचे दिवे काही गेले नाहीत. इन्व्हर्टरवर मी क्रोशाचं कापड घातलं.

१९ ऑगस्टला मात्र मिठी नदी धोक्याच्या पातळीवर गेली. आमच्या आवारात गुडघाभर पाणी, मीटर रूममध्ये पाणी. दुपारी वीज बंद केली. ती करावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. सासूबाई मशीनवर झोपलेल्या. इन्व्हर्टर सुरू झाला, मी निवांत चहा ठेवला. चहा गाळेपर्यंत तो टीं-टीं करायला लागला.

२२ मिनिटं. ह्यांनी घड्याळ लावलं होतं.

आधी पंखा मंदावला, मग मशीनचा अलार्म वाजला, मग सगळं शांत. बोटाला लावायच्या यंत्रावर सासूबाईंचा ऑक्सिजन ९३, ९०, ८८, ८६. डॉक्टरांनी एक सिलिंडर घरात ठेवा म्हणून आधी सांगितलं होतं, आम्ही म्हटलं, इन्व्हर्टर घेतलाय की. शेजारच्या दोन पोरांनी पाण्यातून जाऊन कुठून तरी सिलिंडर मिळवला आणि दोघांनी धरून वर आणला. पाऊण तास गेला असेल. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. आई बऱ्या आहेत.

रात्री दादाला फोन केला. मला वाटलं होतं काय बिघडलं असेल ते सांगेल. त्याने बिघाडाचं विचारलंच नाही.

"बॅटरी वर कोणी चढवली?"

"एक पोरगा होता."

"एकच?"

"हो. खांद्यावर घेऊन आला."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गो बाय, १५० एएचची भरलेली ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची असते. आमच्याकडे दोघे धरतात आणि तिसरा शिव्या घालतो. मुरलेला हमाल असेल तर गोष्ट वेगळी. काडीसारखा पोरगा तीन जिने चढला आणि तू त्याला लाडू दिलेस?"

पाणी ओसरल्यावर आम्ही ती खाली उतरवून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. ३१ किलो. त्याने आपणहून खडूने तिच्यावर आकडा लिहिला. तिथून बॅटरीच्या दुकानात नेली. दुकानदाराने नखाने लेबलचा कोपरा उचलला. पावसाळी दमटपणाने ते सुटतच होतं. त्याच्याखाली दुसरं लेबल, अर्धं खरवडलेलं. झाकण काढून त्याने काचेची नळी आत घातली, आम्ल वर ओढलं. हायड्रोमीटर म्हणतात तिला. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत १.२४ च्या वर आकडा हवा. आमच्यात १.१२. "ट्रकची जुनी आहे ताई. प्लेटी धुऊन, आम्ल बदलून, रंग मारून दिलीय." ट्रकच्या बॅटरीचं काम गाडी सुरू करताना एकदम जोराचा झटका देण्याचं. तासन् तास थोडी थोडी वीज द्यायला ती बनवलेलीच नसते. इन्व्हर्टरही साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, म्हणून दिलेला, निघाला स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत विजेचा. पंखा गुणगुणत होता तो त्यामुळे. कॉन्सन्ट्रेटरसारख्या कॉम्प्रेसरच्या यंत्राला तो लावूच नये.

पण सगळ्यात जास्त मला झोंबलं ते पुढचं. दुकानदाराने कागदावर हिशोब मांडला. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही मध्ये थोडं खातो, म्हणजे हातात साधारण १,२०० ते १,३००. आमचं मशीन ३५० वॉटचं, पंखा ७५, एक ट्यूब २०. भागून बघा. तीन तासही होत नाहीत. म्हणजे अस्सल, नवीकोरी बॅटरी असती तरी 'रात्रभर चालेल' ही थापच होती. मी गच्चीवर त्याला 'आठ तास नक्की ना?' असं विचारलं होतं आणि तो 'काकू, दहा धरा' म्हणाला होता. मालात फसवलं ते फसवलं, साध्या गुणाकारातही फसवलं. भाजीवाल्याच्या हिशोबातले दोन रुपये मी परत मागते.

किटमधली पॉवरबँकही मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली. वर २०,००० एमएएच छापलेलं. एवढ्या क्षमतेची सहसा तीनशे ग्रॅमच्या खाली येत नाही. आमची ९६ ग्रॅम. पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांच्या पाकिटावर तारीखच नव्हती. शिट्टी तेवढी चांगली वाजते.

तक्रारीचं सांगते, कारण त्यातच आम्ही सगळ्यात कच्चे पडलो. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम असेपर्यंत ती अडवता येते. आम्ही तीन महिन्यांनी फिरवला. शिवाय ऑनलाइन गेलेले पाचच हजार, बाकी रोख, त्याचा पुरावा काही नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे दाद कोणाविरुद्ध मागायची? चलनावरचा पत्ता शोधत हे गेले, तर तिथे झेरॉक्सचं दुकान. मालक म्हणाला, "तुम्ही चौथे."

आमच्या इमारतीत सात घरांनी घेतलं होतं. तिघांनी आमच्या अर्जावर सह्या केल्या. दोघांनी 'जाऊ दे ना' म्हटलं. सेक्रेटरी माझी नजर चुकवतात, खरं तर त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनीही घेतलाय. आणि चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, आमचा उत्तम चालतो. मेन स्विच पाडून अर्धा तास बघा म्हटलं तर म्हणतात, "उगाच कशाला यंत्राला त्रास?"

आता घरात दोन गोष्टी आहेत. एक बी टाइपचा सिलिंडर. त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास निघतात, वीज लागत नाही. आणि दुसरी, त्याच दुकानातली बॅटरी, साइन वेव्हच्या इन्व्हर्टरसकट. पक्कं बिल, बॅटरीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर मी चष्मा लावून जुळवला. शिक्का माझ्यासमोर मारून घेतला. ती दोघांनी गोणपाटात बांधून आणली, दर जिन्यावर टेकवत, आमच्या बिल्डरला शिव्या देत. पैसे शेवटी दिले. मेन पाडून घड्याळ लावून बसले, मशीन चालू ठेवून. अडीच तासांनी मीच बंद केलं. दर दोन महिन्यांनी असं करणार आहे.

जुनी पुरावा म्हणून गॅलरीत आहे. खडूचा ३१ अजून पुसला गेलेला नाही.

परवा संध्याकाळी दाराची बेल वाजली. चौथ्या मजल्यावरचे काका. हातात काही तरी रुमालात गुंडाळलेलं.

"वहिनी, तुमचा तो स्वयंपाकघरातला वजनकाटा जरा मिळेल का?"