निकोटीनची गोळी, बिडी आणि भाच्याचं व्हेप : पोळ्यापासूनचा अनुभव

पोळ्यापासून मी बिडी सोडायला निकोटीनची चघळायची गोळी (निकोटीन गम) वापरतोय. धानाची कापणी, मळणी आणि आता मे महिन्यातली तेंदूची फळी (बिडीच्या पानांची खरेदी), सगळं तिच्यावर निभावलं. बिडी सुटली, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं गोळीच्या उणिवाही लिहिणार आहे आणि त्या वाचून कोणी ती घ्यायचंच सोडू नये.

आमच्या भंडारा-गोंदियाकडं बिडी सोडणं जरा जास्तच अवघड आहे. उन्हाळ्यात अर्धं गाव पहाटे जंगलात जातं, दुपारी ओसरीत बसून पानांचे पुडे बांधतं आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतं. त्या पैशातून खरिपाचं बियाणं येतं. ज्या पानावर घर चालतं त्याचीच बिडी वाईट, हे म्हाताऱ्यांना सांगायला गेलं तर ते उठून जातात. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते, त्यामुळं टार (धुरातला चिकट डांबरासारखा मळ) आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटपेक्षा जास्त आत जातं. बिडी साधी, गरिबाची, म्हणून कमी धोक्याची, हा समज मी स्वतः कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलाय.

आता गोळी. ती २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बिडी लागत असेल तर ४ ची, नाहीतर २ ची, असा साधा हिशेब आहे. २ ची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ च्या गोळीसाठी डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी.

गोळी खाण्याची रीत सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक लोक ती पोरांच्या च्युइंगमसारखी कचाकचा चावतात, मग उचक्या लागतात, छातीत जळजळ होते आणि 'हे काही कामाचं नाही' म्हणून फेकून देतात. गोळी हळूहळू चावायची. तिखट चव आली, जीभ चुणचुणायला लागली की थांबायचं आणि ती गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चुणचुण गेली की परत थोडी चावायची, दुसऱ्या गालात ठेवायची. एक गोळी अर्धा तास चालते. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. लाळेबरोबर गिळलं की पोटाला त्रास आणि तलफ तशीच. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक काही नको, कारण तोंड आंबट झालं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. खेड्यात हा नियम पाळणं फार जड जातं. बांधीवर (धानाच्या शेतात) चहाची किटली आली की बिडी पेटणार, हे ठरलेलं. मी चहा आधी घेतो, चूळ भरतो आणि गोळी नंतर.

बिडीचा झुरका काही सेकंदांत डोक्यात पोचतो. गोळीला वेळ लागतो, म्हणून तलफ अंगावर येण्याआधीच ती घ्यावी लागते. सुरुवातीचे आठवडे दर दीड-दोन तासांनी घेतली, मग अंतर वाढवत नेलं. साधारण बारा आठवड्यांत ती बंद व्हावी असं पाकिटावर असतं. माझी इतक्यात सुटली नाही. अजून जेवणानंतर एखादी लागते. पण सकाळचा खोकला गेलाय आणि मोटारपंपापर्यंत चढून जाताना मध्ये थांबावं लागत नाही.

भाचा नागपूरला शिकतो. दिवाळीत आला तेव्हा त्याच्या खिशात आंब्याच्या वासाचं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, होतं. म्हणाला, "मामाजी, गोळ्या कशाला चघळता? याच्यात धूर नाही, टार नाही. इंग्लंडात तर सरकारच देते."

त्याचं म्हणणं खोटं नाही. व्हेपमध्ये काही जळत नाही, कॉइलवर द्रव तापून त्याचा फवारा होतो, म्हणून सिगारेट-बिडीच्या धुरातले बरेचसे विषारी पदार्थ त्यात फार कमी असतात. इंग्लंडनं २०२३ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे संच द्यायची योजना जाहीर केली होती. तिथंच २०१९ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, निकोटीनची गोळी किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी यांसारखी औषधं घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. म्हणजे माझ्या गोळीपेक्षा व्हेपनं जास्त लोकांची सिगारेट सोडवली, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच चाचणीत ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले व्हेपवाले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गोळी-पट्टी चालू असलेले फक्त ९ टक्के होते. शिवाय तिथं लोकांना समुपदेशन होतं आणि द्रवात काय आहे हे माहीत होतं.

भाच्याच्या व्हेपवर ५ टक्के लिहिलं होतं, म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटीन. इंग्लंडात २० च्या वर विकता येत नाही. तिथं १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदीही आली, आणि भाच्याचं तसलंच होतं. आत खरंच काय भरलंय हे तपासणार कोण? अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुप्फुसांच्या आजारानं २,८०० हून जास्त लोक इस्पितळात गेले, ६८ मेले. त्यात मुख्यतः गांजाच्या अर्काचे चोरबाजारातले द्रव आणि त्यातलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट कारणीभूत निघालं. त्यावरून सगळ्याच व्हेपला झोडपणं बरोबर नाही. चोरबाजारातल्या मालाचं भय मात्र खरं आहे, आणि आपल्याकडं व्हेपच्या विक्रीवर बंदी असल्यानं मिळतो तो सगळा मालच चोरबाजारातला.

मला जास्त लागलं ते वेगळंच. भाच्याच्या खोलीवरच्या दोन पोरांनी कधी सिगारेट ओढलेली नाही, तरी व्हेप त्यांच्याही हातात आहे. बिडी सोडायला निघालेल्या पन्नाशीच्या माणसासाठी जो युक्तिवाद चालतो, तो या पोरांना कसा लागू होईल? त्यांचं नुकसान कमी होत नाही, नव्यानं सुरू होतं. म्हणून २०१९ च्या कायद्यानं आणलेली बंदी मला योग्य वाटते. विक्रीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा तो कायदा आहे.

पण बंदीनं बिडीवाल्याचा प्रश्न सुटत नाही. व्हेपवर कैद आणि बिडीचा कट्टा प्रत्येक पानठेल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. तेंदू गोळा करणाऱ्या बायांचा विचार त्यात असेल, मला त्यांची कदर आहे, माझ्या घरातल्याही जातात. तरी तब्येतीच्या बाजूनं हे उलटं पाऊल आहे. गोळी आणायला मला तालुक्याच्या मेडिकलात जावं लागतं, तिथं ती कधी असते, कधी 'उद्या या' म्हणतात. एका गोळीच्या पैशात सात-आठ बिड्या येतात. मजुरीवर जगणारा माणूस कोणतं घेईल?

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांसाठी एक सांगतो. गोळी तंबाखूची तलफ भागवते, सुपारीची नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तिच्यानं तोंड उघडेनासं होतं. आमच्या शेजारचे काकाजी दोन बोटंही तोंडात घालू शकत नाहीत, त्यांना गोळी चघळणं जमलंच नाही. असं असेल तर आधी डॉक्टरला तोंड दाखवा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायांनीही विचारूनच घ्यावी.

निकोटीनची ही औषधं २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मग ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवीत. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय, तुमच्याही गावात द्या. तोपर्यंत १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत.